लायनफिशचा श्रावण

उस्मानपुऱ्यात मोटारी दुरुस्त करणारा सुदर्शन नववीपर्यंतच शिकला, पण त्यानं मनावर घेतलं की काम झालंच समजा. त्यानं घरात, खिडकीला लागून, खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली. समुद्राचं मीठ मागवलं, महिनाभर पाणी मुरू दिलं आणि पिसाऱ्यासारखे काटे पसरणारा लायनफिश सोडला. असा शिकारी मासा साऱ्या उस्मानपुऱ्यात नाय, पाहिजे तर विचारून या.

तेवढ्यात श्रावण लागला. आई द्वारकाबाईनं ठणकावलं, "आता झिंगा उंबऱ्याच्या आत यायचा नाय."

लायनफिश तर झिंग्याशिवाय कशालाच तोंड लावंना. दोन-चार दिवसांत तो कोपऱ्यात गप पडला.

"आई, मरंल तो. माशाला कसला आलाय श्रावण?"

"मग बाहेर हुभा राहून चार की. खिडकी हाय ना? झिंगे तनुजाच्या फ्रीजात ठेव."

शेजारच्या तनुजाकडून सुदर्शननं झिंगा आणला, काडीला टोचला आणि गजांतून हात घालून पाण्यात जिवंत असल्यासारखा नाचवला. लायनफिशनं काटे पसरले आणि एका घासात गिळला.

आतून बघणारी द्वारकाबाई म्हणाली, "अजून एक दे. लई उपाशी हाय लेकरू."