वॉकरपुरती वाट

बायकोच्या खुब्याचं हाड मोडलं ते बाजारातून येताना. हातात पालेभाजीची पिशवी होती, समोरून रिक्षा आली, ती बाजूला व्हायला गेली आणि फुटपाथच्या कडेवरून पाय घसरला. ऑपरेशन झालं, काही दिवस हॉस्पिटलात काढले आणि मग तिला घरी आणलं. आमची बोरिवलीची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगमधल्या चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून वर आणलं. जिना संपेपर्यंत ती डोळे मिटून "हळू रे, हळू" म्हणत होती. वर पोचल्यावर डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर "चपला बाहेर काढल्यात ना सगळ्यांनी?"

ते चौघे हसले. मीही हसलो. हॉस्पिटलात तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तो दम ऐकून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. चुणचुणीत, तिशीच्या आतली. तिने बायकोला पलंगाच्या कडेला बसवलं, वॉकर हातात दिला, उभं केलं. मग स्वतः बेडरूमच्या दारात जाऊन बाहेर पाहिलं आणि थांबलीच.

"काका, इथून बाथरूमपर्यंत वॉकर जाणार कसा?"

मी म्हटलं, "आम्ही जातो ना रोज."

"तुम्ही आडवे होऊन जात असाल," ती म्हणाली.

खरंच होतं. बेडरूम ते बाथरूम या पट्ट्यात पाण्याची दोन निळी पिंपं होती, शिलाई मशीन होतं, त्याच्यावर चादरींचं गाठोडं आणि मशीनच्या बाजूला पत्र्याची ट्रंक. ती वाट पुढे हॉलच्या कडेने जायची, आणि तिथे सोफा, काचेची शोकेस, शोकेसला चिकटून माझं ड्रॉइंगचं मोठं टेबल. अंधेरीच्या एका ऑफिसात मी पस्तीसेक वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा ते टेबल मोडीत निघत होतं, मी मागून घरी आणलं होतं. त्याच्यावर आता इस्त्रीचे कपडे असायचे.

एवढं सामान का साठलं, याचं उत्तर मला माहीत आहे. माझे वडील गिरणीत होते. आम्ही आठ जण एका खोलीत राहायचो, आणि माझ्या वस्तू म्हणजे खिळ्याला लटकवलेली एक पिशवी. बायको मालवणजवळच्या गावातून आली तीही अशाच भरल्या घरातून. बोरिवलीला स्वतःची जागा झाली तेव्हा घरात मोकळा कोपरा आहे, याचंच आम्हाला इतकं अप्रूप होतं की तो कोपरा भरायला आम्ही दोघंही एका पायावर तयार असायचो. पहिली शोकेस आली त्या दिवशी तिने शेजारपाजारी पेढे वाटले होते.

ती मुलगी गेल्यावर मी माझ्या सवयीने कागद घेतला, टेप काढली आणि घराचा नकाशा मापात काढला. वॉकर कुठून वळेल, काय हलवलं तर वाट होईल, सगळं पेन्सिलीने आखलं आणि बायकोला नेऊन दाखवलं.

तिने चष्मा लावून बघितलं. "छान काढलाय. पण नकाशा काढून पिंपं हलत नाहीत."

"मग हलवू ना?"

तिने चष्मा काढून कागदावर ठेवला. मग म्हणाली, "हलवा. पण माझ्यासमोर. प्रत्येक वस्तू मला दाखवायची आणि कोणाला द्यायची ते मी सांगणार. भंगारात घालायचं ते अगदी शेवटी. अजून जिवंत आहे मी."

रविवारी आमची मुलगी घाटकोपरहून आली. मेट्रोने अंधेरी, तिथून बोरिवली, आणि येतानाच कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन. आईने त्या बघितल्या मात्र, लगेच म्हणाली,

"त्या पिशव्या आधी बाहेर ठेव. घरात कोण गेलंय का?"

"आई, सामान भरायला आणल्यात गं."

"हातात घेऊन न्यायच्या वस्तू आहेत त्या. पिशवीत कोंबायच्या नाहीत."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. पिशव्या दाराबाहेर गेल्या.

मग सुरू झालं. बायको पलंगावर उशांना टेकून बसलेली, पाय सरळ, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. मी आणि मुलगी एकेक वस्तू दारात आणून उभी करायचो. ती बघायची आणि नाव घ्यायची. मला वाटलं होतं, पहिल्याच वस्तूला अडेल. उलट झालं. तिला कोणाकडे काय नाही, हे सगळं ठाऊक होतं. पिंपं तळमजल्यावरच्या वहिनींना, कारण त्यांनी नुकतेच डबे करून द्यायला घेतले होते आणि पाणी साठवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. शोकेस सोसायटीच्या ऑफिसला, तिथल्या फायली उंदीर खातात म्हणून. ट्रंकेतल्या गोधड्यांपैकी एक मुलीला, दोन आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना.

शिलाई मशीन आणलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे राहू दे ना. माझे सगळे फ्रॉक याच्यावर शिवलेस तू."

"तू शिवणार आहेस का?"

"मला कुठे येतं?"

"मग? पायाचं मशीन आहे. माझा पाय आता चालायला मिळाला तरी पुष्कळ झालं." मग ती म्हणाली, "बाईंची मुलगी क्लासला जाते शिवणाच्या. तिला दे."

बाई आणि त्यांची मुलगी दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आल्या. मशीन जिन्यावरून उतरेपर्यंत बायको पलंगावरून हाका मारत होती, "चाकाला धरू नका, खालून धरा!" आठवड्याने बाईंची मुलगी एक लांबट उशी घेऊन आली, गुडघ्यांमध्ये ठेवायला बरोबर मापाची, फुलाफुलांच्या कापडाची. त्या मशीनवर तिने शिवलेली ती पहिली वस्तू. बायकोने उशी उलटीसुलटी करून टाके तपासले. "टीप सरळ आलीये हो," म्हणाली. मुलगी गेल्यावरही ती उशी बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती.

सोफा कोणी घेईना. खोल बैठकीचा, जुना. बायकोला तर त्याच्यावर बसायलाच मनाई होती. भंगारवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, "अंकल, सोफा कोई नहीं लेता आजकल." शेवटी लाकडासाठी तयार झाला आणि हॉलमध्येच तो मोडायला बसला. आतून काय काय निघालं: मुलीच्या शाळेतल्या केसांच्या पिना, कॅरमचा स्ट्रायकर, माझ्या चार पेन्सिली, विणायची एक सुई. हा स्ट्रायकर हरवला म्हणून मी आणि शेजारी एका गणपतीत भांडलो होतो, तेव्हापासून येणं-जाणं बंद होतं. तो मी त्यांच्या दारात नेऊन दिला. त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत या, चहा घेऊ."

आता राहिलं माझं टेबल. बायकोने त्याच्यासाठी कोणाचं नाव घेतलं नाही. ते तिने माझ्यावर सोडलं होतं, हे मला कळत होतं. पण वाटेचा विचार केला तर वॉकर नेमका तिथेच अडत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीला विचारलं, ती म्हणाली, "काका, किती झकास आहे! पण आम्ही सगळं लॅपटॉपवर करतो." शेवटी वॉचमन म्हणाला, "साहेब, मला द्या. दिवसभर पार्सलं येतात, जमिनीवर ठेवावी लागतात. पावसात भिजतात."

दिलं. दुसऱ्या दिवशी दूध आणायला खाली उतरलो तर गेटच्या शेडमध्ये टेबल उभं, त्याच्यावर ऑनलाइनची खोकी रचलेली. ज्या फळीवर एक रेघ वाकडी आली तर मला झोप यायची नाही, तिथे कोणाचे बूट, कोणाचा मिक्सर. मी जवळ गेलो. मग बघितलं तर वॉचमनने ते पुसून लख्ख केलं होतं आणि एका पायाखाली पुठ्ठा घालून डगमगही काढली होती. ती डगमग मला इतकी वर्षं काढायची होती.

खरी परीक्षा पुढच्या रविवारी, मुलगी पुन्हा आली तेव्हा, स्वयंपाकघरात झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कधीच नाही. तेव्हा आम्ही मान डोलावली होती. पण ओट्याखालून मी आडाळी काढली तेव्हा त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला. आडाळी म्हणजे आमच्याकडची खवणी असलेली विळी. पाट घेऊन, पाय मुडपून जमिनीवर बसल्याशिवाय ती वापरता येत नाही. बायकोच्या आईने तिला लग्नात दिलेली. लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं. रोज सकाळी तिच्यावर नारळ खवायचा खर्र-खर्र आवाज आला की मला जाग यायची. घड्याळाची गरज कधी पडलीच नाही.

मी ती दारात आणून ठेवली. सगळ्या वस्तूंसाठी पटापट नावं घेणाऱ्या तिला हिच्यासाठी नाव सुचेना.

"तळमजल्यावरच्या वहिनींना?" मी विचारलं.

"त्या मिक्सरमध्ये करतात."

मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडे तर फ्रोजन मिळतो खवलेला."

"माहित्ये. मेला चव नाही त्याला." तिने तोंड भिंतीकडे वळवलं. दुखायला लागलं किंवा राग आला की ती मालवणीत बोलते. "न्या, खंयपण न्या. माका बघूक नको."

मी तिथेच उभा. हातात आडाळी. मला काय सुचलं कोण जाणे, म्हणालो, "मला दे."

ती वळली. "काय?"

"कोणाला द्यायची ते तू सांगणार ना? मग मला दे. माझे गुडघे धड आहेत अजून."

"तुम्ही? नारळ खवणार?"

"त्यात काय एवढं!"

ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा पोटातून हसली, इतकी की खुब्यात कळ आली आणि "आई गं" म्हणत पुन्हा हसली. मुलगीही हसायला लागली. मग बायकोने डोळे पुसले आणि म्हणाली, "घ्या. दिली तुम्हाला. पण इथेच बसायचं, माझ्यासमोर."

बेडरूमच्या दारात पेपर पसरून, पाटावर बसून मी नारळ खवला. "करवंटी फिरवत राहा. एकाच जागी खरवडू नका, काळं येईल. बोटं सांभाळा!" नारळाचा चुरा पेपरभर, माझ्या लेंग्यावर, पलंगाखाली. अर्धी वाटी हाताला लागायला इतका वेळ गेला की मुलगी तेवढ्यात भात लावून आली. त्या दिवशीची आमटी मी केली असं म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक चमचा पलंगावरून सांगितलेला होता. पण जेवताना बायको म्हणाली, "मीठ जरा कमी. बाकी बरी झालीये." एवढी वर्षं हेच वाक्य मी तिला म्हणत आलो होतो, ते ऐकायला कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. वाईट वाटत नाही. खरं तर बरं वाटतं.

वाट झाली. ती वॉकर घेऊन बेडरूममधून निघाली, फिजिओथेरपीवाली मुलगी मागे, मी पुढे उलटा चालत. कुठे थांबावं लागलं नाही, कुठे तिरकं व्हावं लागलं नाही. बाथरूमच्या दाराला हात लागला तेव्हा ती म्हणाली, "आता तुम्ही बाहेर थांबा." माणसाला स्वतःच्या पायाने बाथरूमला जाता येणं म्हणजे काय, हे मी त्या दारापुढे उभं राहून समजून घेतलं. हात जोडले मी. कोणाला, ते नक्की सांगता येणार नाही. देवाला असतील, खुर्ची उचलणाऱ्या त्या चौघांना असतील, पिंपं नेणाऱ्या वहिनींनाही असतील.

वहिनींचं तर वेगळंच. पिंपं न्यायला आल्या आणि तासभर बसल्या. मग रोज दुपारी डबे गेल्यावर वर येऊ लागल्या. वस्तू न्यायला येणारा प्रत्येक जण असाच बसायचा. मला भीती होती की आजारपणात हिचे दिवस कसे जाणार. दार बंद करायला सवडच मिळाली नाही.

हळूहळू वॉकर सुटला, काठी आली. जिना मात्र अजून तिला जमत नाही. तिचं भजनी मंडळ मंगळवारी खाली सोसायटीच्या खोलीत जमायचं. एका मंगळवारी वहिनी वर आल्या आणि हॉलमध्ये उभ्या राहून चारी बाजूंना बघत म्हणाल्या, "भावोजी, इथे आता सतरंजी पसरली तर आम्ही सगळ्या मावतो की."

"मावता," मी म्हणालो.

तेव्हापासून भजन आमच्याकडे. बायको पाठीच्या खुर्चीत, बाकीच्या सतरंजीवर, मध्ये पेटी. पहिल्या दिवशी मी चहा ठेवायला गेलो तर लक्षात आलं, घरात पुरेसे कपच नाहीत. जादाचे सगळे बायकोने देऊन टाकले होते. मी बाहेर येऊन तसं सांगितलं. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"मग?" ती म्हणाली. "आपापला कप घेऊन या गं येताना. पुढच्या वेळी मला विचारू नका."

आता दर मंगळवारी संध्याकाळी जिन्यावरून बायका येतात, एका हातात टाळ, दुसऱ्या हातात कप. आत येताना दारात चपला काढतात, आणि मी गॅसवरच्या चहात आलं ठेचून टाकतो.