बंद स्कूटरची पीयूसी

काळा धूर ओकणारा ट्रक पुढं दिसला की ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी संपत आली होती. ठाण्याच्या फोनवर एकानं नाव न सांगता खबर दिली, "बेंबळी रोडच्या पीयूसी सेंटरात गाडी न नेता सर्टिफिकेट मिळतंय साहेब. इथं आमची लेकरं धुरानं खोकत्यात." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

हवा स्वच्छ राहावी म्हणून केंद्र सरकारनं गाड्यांच्या धुराची तपासणी सक्तीची केली आहे. तपासणीचे आकडे आणि नंबरप्लेटचा फोटो थेट केंद्राच्या संगणकावर चढतो. पण वर नियम कितीही कडक केला, तरी कॅमेरा धरणारा हात गावातलाच असतो.

आरटीओच्या निरीक्षकांना सोबत घेऊन छापा टाकला, पंचनामा केला. सेंटरवाला चाळिशीचा, बोलायला गोड. मशीनच्या नळीला कोळ्याचं जाळं लागलेलं, तरी हा म्हणतो, "मशीननं पास केलं साहेब, म्या काय करू?" दोन तास विचारपूस केली, गडी बधेना. आरडाओरडा करणारा आरोपी परवडला, गोड बोलणारा लई जड जातो.

मग त्याच्या संगणकातले फोटो एकेक करून बघत बसलो. एका स्कूटरच्या फोटोत चक्क सीटवर कोंबडी! रोज फिरणाऱ्या गाडीवर कोंबडी अशी ठाण मांडून बसेल होय? नंबरवरून मालकाचा पत्ता काढला, तो तेर गावचा निघाला. तिथं गेलो.

मालक सत्तरी ओलांडलेले. एकेकाळी गावात शिवणकाम करायचे. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. स्कूटर पडवीत उभी, दोन्ही टायर बसलेले.

"काका, गाडी चालूच होत नाही, मग दर सहा महिन्यांनी पीयूसी कशाला?"

त्यांनी सीटवरची कोंबडी हाकलली. मग म्हणाले, "सेंटरवाल्यांचा फोन येतो साहेब. काका, मुदत संपत आली म्हणत्यात. घरी येऊन फोटो काढत्यात, घडीभर बसत्यात, चहा घेत्यात. माझ्याकडं दुसरं कुणी येत न्हाय."

जबाब द्यायला काही तयार होईनात. "तुम्ही त्यांना नेलं तर माझ्याकडं कोण यायचं?"

मला तो जबाब हवाच होता. त्याच्याशिवाय केस टिकली नसती. "मी येत जाईन की," मी म्हणालो. त्यांनी सही केली. चहाचं वाक्य मी जबाबात घेतलं नाही. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता.

जबाब समोर ठेवल्यावर सेंटरवाला गळपटला. ट्रकवाल्यांकडून नंबरप्लेटचे फोटो मोबाइलवर मागवायचा आणि नळी न लावताच जुने आकडे चढवायचा, हे त्यानं कबूल केलं. शेवटी एवढंच म्हणाला, "काकांकडं मात्र म्या चहालाच जायचो." सेंटरला सील लागलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

कारवाई चुकीची नव्हती. तो धूर लेकरांच्या छातीत जात होता. आज तीच केस आली तरी मी तेच करीन. पण त्यानंतर तेरला मी एकदाच गेलो. मग बंदोबस्त लागले, मग बदली झाली. मी शब्द दिला होता आणि पाळला नाही, याची मला लाज वाटते. माणूस एखादी गोष्ट का करतो, हे जबाबात मावत नाही, एवढं त्या केसनं शिकवलं. तेही मला उशिरा कळलं.

आता मी निवृत्त आहे. पत्नी गेली, मुलगा पुण्यात. परवा मोबाइलवर संदेश आला, माझ्या गाडीची पीयूसी संपत आलीय. संगणकानं पाठवलेला, त्यात माझं नावही नव्हतं. गाडी ठणठणीत, सेंटर चौकातच. तरी मी तिथं फोन लावला आणि विचारलं, "घरी येता का? चहा घेऊ."

"न्हाय काका, गाडी इथं आणावी लागती. नियम हाय."

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तेरच्या काकांचा नंबर माझ्या जुन्या डायरीत आहे. तो लावायची हिंमत अजून झालेली नाही.