अकाइतीच्या दारची तिआरे

माझी मोठी जाऊ अकाइती ना दिसायला देखणी, ना बोलायला गोड. चालते ती खेकड्यासारखी तिरकी. तरी आमच्या बेटावरच्या ओनेरोआ गावात कुणाचं लग्न असो की बारसं, फुलांच्या मुकुटासाठी कळ्या मागायला माणसं तिच्याच दारी जातात. माझा जळफळाट होतो. का होऊ नये?

तिचं घर समुद्राकाठी, पोवळ्याच्या खडकावर. तिथे धड माती नाही, वर खारा वारा. त्याच खडकाच्या फटीत तिची तिआरे उभी आहे. माणसाहून उंच झुडूप, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं, अनंताच्या वासाची पांढरी फुलं, भिंगरीसारख्या वळलेल्या पाकळ्या. तिचीच फांदी आणून मी आमच्या अळूच्या मळ्याकाठी काळ्या मातीत लावली. डुकरांचं खत घातलं, रोज पाणी घातलं. पानं पिवळी पडली. फूल तर नावाला नाही.

"लाड फार करतेस तू," अकाइती म्हणाली. "तिला खडक लागतो. ओल सोसत नाही."

"तुला बाई सगळंच कळतं!"

खरं दुखणं झुडपाचं नव्हतंच. माझा थोरला पोकोइना मी हिच्याच ओटीत घातला होता. हिला मूल नव्हतं, आणि भावाभावांत मूल द्यायची आमच्याकडे रीतच आहे. सासूने मागितला, मी दिला. तो हिला आई म्हणतो. मला काकू.

यंदा तो न्यूझीलंडहून बऱ्याच वर्षांनी येणार होता. स्वागताला त्याच्या डोक्यावर पहिला मुकुट माझा पडावा, एवढंच मला हवं होतं. पण कळ्या कुठून आणू? नाक मुठीत धरून सकाळी तिच्या दारी गेले. ती टोपली भरूनच बसली होती.

"घे सगळ्या. मिटलेल्याच खुडल्यात, त्याच्या डोक्यावर उमलतील."

"आणि तू?"

"मी नेच्याच्या पानांचा करीन. पुढे तूच हो. मला मेलीला रडू फुटतं."

तिच्या उदारपणाचा मला आणखीच राग आला. टोपली मात्र उचलली.

विमानतळावर मी सगळ्यांच्या पुढे. पोकोइना वाकला, मी मुकुट घातला. कळ्या नुकत्या उकलत होत्या. त्याने डोळे मिटून भरभरून वास घेतला आणि हसला.

"काकू, ही आईच्या खडकावरची ना? कुठाय ती?"

"मागे उभी आहे," मी म्हटलं, आणि बाजूला झाले.