भाकरी रस्त्यापलीकडे

भीतीवरच्या उपचारांचा अभ्यास करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी नगर-मिरजगाव एसटीत. मिरजगावला हायवेच्या कडेला एक बाई राहायची. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या जावेला ट्रकनं उडवलं होतं. तेव्हापासून तिनं रस्ता ओलांडलेला नव्हता, आणि तिचं शेत पलीकडे होतं.

आमचा उपचार पायरीपायरीचा. आधी दारात बसून गाड्यांचे आवाज ऐकायचे, मग रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, मग ओलांडायचा. हे तिनं आठवडाभर एकटीनं करायचं. दर आठवड्याला मी जायचे, चहा व्हायचा, मग फॉर्म काढून विचारायचे, भीती किती, शून्य ते दहा. आकडा भराभर उतरला. दोन महिन्यांत ती "काय बी न्हाई आता" म्हणाली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी मी ते शून्य चार लोकांत मिरवून आले.

एकदा न कळवता गेले. बाई फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन दारात उभी. शेतात नवऱ्याला पोचवील असं कुणी येतंय का, याची वाट बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं का सांगितलंत, असं मी जरा जोरातच विचारलं.

"ताई, तुमी यवढ्या लांबनं येता, आमचा चा घेता," ती म्हणाली. "कोनत्या तोंडानं सांगू, गुन न्हाई म्हनून?"

राग उतरला, लाज वाटली. पाहुण्याला नाराज करू नये हे माझ्याही आईनं मला शिकवलंय. पाहुणी होऊन बसायचं आणि वर खरं उत्तर मागायचं, ही चूक माझी होती. मी तिचे सगळे फॉर्म बाद केले. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, एवढं कशाला, शेवटचा आकडा चांगलाच आहे की. मी ऐकलं नाही. पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. तिला बजावलं, गुण नसला तर नाही म्हणा, तरच माझं काम पुढे सरकेल. आणि चहा आता फॉर्म भरून झाल्यावर.

बरेच दिवस आम्ही दोघी मिळून रस्ता ओलांडला. मग एका सकाळी ती भाकरी घेऊन एकटी गेली. मी अलीकडे थांबले. परत आली तेव्हा घामानं तिचं पोलकं भिजलं होतं.

"धा लिवा," ती म्हणाली. "लई भ्या वाटलं. उद्या पुन्यांदा जानार हाय."

एवढ्या आनंदानं मी दहा कधीच लिहिले नव्हते. मग आम्ही चहा घेतला.