रुखमाबाईच्या घरचं पाणी

रुखमाबाईनं कमळाला माफ केलेलं नाही, आणि मला विचाराल तर करूही नये.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात या दोघी चुलत जावा एका भिंतीला भिंत लावून राहतात. कमळाची तीन वर्षांची नात उर्वशी पूर्वी दिवसभर रुखमाबाईच्या अंगणात असायची, तिच्याच ताटात जेवायची. एकदा पोरीला ताप भरला, आणि कमळानं हातपंपावर चार बायकांत सांगितलं की रुखमानं करणी केली. तेव्हापासून रुखमाबाईच्या घरचं पाणी गावात कोणी प्यालं नाही. लग्नाच्या हळदीलाही तिला बोलावणं बंद झालं.

तिची नजर लागू नये म्हणून कमळा पोरीला मागच्या खोलीत कोंडून शेतावर जाऊ लागली. पोर आणखीच वाळली. जेवण पाहिलं की तोंड फिरवी, जवळ जाईल त्याला चावे.

अंगणवाडीत वजनं घ्यायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा रुखमाबाई मुद्दाम तमाशा पाहायला गेली. मीही गेले. पोरीचं वजन घटलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, फिकी नखं पाहिली.

"ही माती, चुना असं काही खाते का?"

"आमच्या घरची पोरगी माती नाई खात जी," कमळा म्हणाली. "करणी हाये तिच्यावर."

रुखमाबाई पुढे झाली. "पोरगी काय खाते ते मले माहीत हाये. पण पहिले कमळानं सांगाव, मी तिचं काय बिघडवली."

"लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे, बाई," डॉक्टरीणबाई चिडल्या.

"मलेही जीव हाये."

कडेवरच्या उर्वशीनं कमळाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. कमळाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रुखमाबाईनं काई नाई केलन," ती खाली मान घालून म्हणाली. "मीच बोलली."

"मंग जाऊन तुह्या मागच्या खोलीची भिंत पाह्य. पांढरी माती चाटून राह्यली पोरगी. फटीतून दिसते मले."

आम्ही पाहिली. पोरीचा हात पोचेल तिथवर सारवण खरवडून गेलं होतं.

"इतके दिवस सांगितलं का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सांगली असती, तर माहीच नजर लागली म्हणली असती कमळा."

पोरीच्या अंगात रक्त नव्हतं, पोटात जंत झाले होते. औषधं सुरू झाली, खोलीचं कुलूप निघालं. उर्वशी सुटली ती थेट रुखमाबाईच्या अंगणात गेली. हळूहळू जेवू लागली, चावणं थांबलं, वजनही वाढलं.

आता संध्याकाळी कमळा तिला न्यायला येते. रुखमाबाई पोरीला मांडीवर घट्ट धरून म्हणते, "आत ये. पहिले पाणी पे."

अंगणात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल अशा जागी कमळा उभी राहून पिते. गडवा रिकामा होईपर्यंत रुखमाबाई तिच्यावरची नजर काढत नाही. कमळा यायच्या आधी तो गडवा भरून ठेवायचं काम हल्ली उर्वशीच करते.