शबनमचा खण

जळकोटच्या रुद्रम्मानं आयुष्यात दोघांवर जीव टाकला. एक पोटचा शांतलिंग आणि दुसरी परक्याची घोडी. घोडी बलभीम पाटलांची, नाव चांदणी. रुद्रम्मा तिच्यावर कधी बसली नाही, तिच्यावर कधी पैसा लावला नाही. पण चांदणीला कुणी नावं ठेवली, की ही बाई उकळता चहा चुलीवर तसाच सोडून रस्त्यावर यायची.

सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून तिचं चहाचं छप्पर होतं. मागं घर, घरापुढं अंगण. नवरा पटकीत गेला तेव्हा शांतलिंग रांगत होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडात घोड्यांच्या गोष्टी, अशी ही लिंगायत वाण्याची विधवा सून. शेजारणी नाक मुरडायच्या. रुद्रम्मा म्हणायची, "तुमी रोज एकमेकींच्या सुना मोजता, म्या घोड्या मोजते. घोड्या बऱ्या."

गावच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला माळावर शर्यत व्हायची आणि तीत फक्त घोड्या पळायच्या. घोडा शेजारची घोडी बघून शर्यत विसरतो, असं जुन्या लोकांचं म्हणणं होतं. जिंकलेल्या घोडीची गावातल्या बाया ओटी भरत. तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. खण घोडीच्या पाठीवर घालायचा आणि तसाच तिला वेशीपर्यंत मिरवायचं. चांदणी लागोपाठ जिंकत होती आणि ओटीचं ताट रुद्रम्माच्या हातातून सुटत नव्हतं.

मग एका साली शबनम आली. करोडगिरी नाक्यावरच्या, म्हणजे निझामाच्या जकात नाक्यावरच्या, दस्तगीर जमादाराची घोडी, रंगानं काळी, मानेनं लांब. अर्ध्या माळापर्यंत ती मागं होती. पुढं काय झालं ते रुद्रम्मानं जन्मभर मान्य केलं नाही. तिच्या मते मधेच कुत्रं आडवं आलं आणि चांदणी बिचकली. कुत्रं दुसऱ्या कुणालाही दिसलं नव्हतं. शबनम जिंकली. रुद्रम्मानं ताट उचललं आणि ओटी न भरता तरातरा घरी निघून गेली. वर त्या हिरव्या खणाची स्वतःला चोळी शिवली.

दस्तगीरला हे आयतं सापडलं. रोज नाक्यावरून चहाला आला की बाकड्यावर बसायच्या आधी त्याचं सुरू व्हायचं. "बाई, आमच्या शबनमचा खण अंगावर घालून फिरताय. परत कधी देणार?"

"जिंकंल त्या दिवशी."

"जिंकली की! अख्ख्या गावानं बघितलं."

"गाव आंधळं हाय. तुमची घोडी निघताना बघा जमादारसाब, जणू माहेराहून सासरी निघालीया. आमची चांदणी सुटते ती गोफणीतल्या दगडावानी."

"दगड पडतो पण लवकर. शर्यत शेवटाला असते बाई, सुरुवातीला नसते. खूर बघा शबनमचे. वाटीसारखे."

"वाटीत काय आमटी वाढायचीया का?"

ऐकायला गाडीवान थांबायचे, मोटारीचे उतारू थांबायचे. चहा खपायचा. एक वाद संपायला आला की दस्तगीर दुसरा काढायचा. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानंही दुसऱ्याचं एक अक्षर कबूल केलं नव्हतं. आणि घोडीबद्दल खोटं मात्र कुणीच बोललं नव्हतं. कुत्र्याचा अपवाद सोडून.

हे सगळं सत्तेचाळीसपर्यंत. पुढं हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि निझामाचा मुलूख तसाच राहिला. सोलापूरची हद्द इथून चालत जाण्याच्या अंतरावर. हद्दीपलीकडं निझामाविरुद्ध लढणाऱ्या तरण्या पोरांचे कॅम्प उभे राहिले, अलीकडं निझामाच्या बाजूचे रझाकार बंदुका घेऊन फिरू लागले. गावं दिवसाढवळ्या दारं लावून बसायला लागली. अठ्ठेचाळीस साली जत्रा भरलीच नाही. बलभीम पाटील बायकापोरं घेऊन हद्दीपार गेले. चांदणी गोठ्यात राहिली, ती रझाकारांच्या सालारानं, म्हणजे त्यांच्या तुकडीच्या म्होरक्यानं, सोडून नेली.

शांतलिंग त्या कॅम्पात होता. त्या पोरांनी करोडगिरी नाका जाळला, तेव्हा दस्तगीर खिडकीतून उडी मारून वाचला. त्यानंतर तो चहाला येईनासा झाला. रस्त्यानं जाताना मान दुसरीकडं वळवायचा. रुद्रम्माही भांडी घासत खाली बघायची. शबनमच्या टापा दूर गेल्या की मान वर करायची. ह्या माणसाला शांतलिंगचं नाव माहीत आहे. त्यानं फक्त एकदा तोंड उघडायचा अवकाश.

श्रावणात तिला ताप आला. कुणीतरी ते हद्दीपार सांगितलं आणि एका सकाळी शांतलिंग तुरीच्या रानातून दारात उभा राहिला. त्याला बघून ती आनंदली नाही. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मरायला आलास व्हय रे?"

"अव्वा, तुला बघून लगेच जातो."

भाकरीचा तुकडा त्याच्या हातात होता तेवढ्यात रस्त्यावर टापा वाजल्या. दोन घोड्या. एक चाल शबनमची आणि दुसरी चांदणीची.

मागं उघडं रान होतं, तुरी लांब. पळाला असता तर दिसला असता. अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत खोलीएवढं पोट. पेव उघडलं की त्यात वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, आणि कंदील विझला तर माणसानं आत पाय टाकायचा नाही, ही रीत तिकडं लहान पोरालाही ठाऊक. आतली कोंडलेली हवा माणूस हाक मारायच्या आत गिळते. रुद्रम्मानं ते पेव आदल्याच दिवशी उघडलं होतं, ज्वारी तळाला लागली होती. कंदील सोडायला आता वेळ नव्हता. शांतलिंग उतरला. तिनं पहारीनं दगड तोंडावर सरकवला, वर कडब्याची पेंढी टाकली आणि पदरानं हात पुसत पुढं आली.

सालार तरणा होता, खाकीतला, गळ्यात काडतुसांचा पट्टा. दस्तगीर त्याच्यामागं. दोघांनी घोड्या थेट अंगणात घातल्या.

"येच वो बाई?" सालारानं विचारलं. "घोड्यांवरून अख्ख्या रस्त्याशी भांडते ती?"

"हीच," दस्तगीर म्हणाला. त्यानं रुद्रम्माकडं बघितलं नाही.

सालार बाकड्यावर बसला, पाय पसरले. "चहा टाका बाई. आणि सांगा. ही चांदणी आता माझी. जमादार म्हणतो शबनम भारी. तुम्ही काय म्हणता?"

म्हणजे तो झडती घ्यायला आला नव्हता. गप्पा मारायला आला होता. झडतीला वेळ लागला नसता. गप्पांना मात्र अंत नसतो, आणि ह्या गप्पांना तर तिनंच कधी अंत येऊ दिला नव्हता. पेवात किती हवा उरली असेल? तिनं आधण ठेवलं.

हा लवकर उठावा, एवढंच तिच्या डोक्यात. म्हणून ती म्हणाली, "जमादारसाब बरोबर बोलत्यात. शबनमच भारी."

बोलली आणि तिचं तिलाच कळलं, घात झाला. असलं वाक्य त्या छपराखाली कधी उच्चारलं गेलं नव्हतं. दस्तगीरची मान झटक्यात वर आली. त्यानं तिच्याकडं बघितलं, पहिल्यांदाच, त्या नाक्याच्या आगीनंतर पहिल्यांदाच.

सालाराच्या कपाळावर आठी पडली. "ऐकलं होतं, बाई कुणाचं कबूल करत नाही. आज एवढ्यात? घाबरलात? कशाला?"

"ताप हाय मला."

"तापानं घोड्या बदलतात?"

तेवढ्यात चांदणी हलली. कडब्याच्या पेंढीला तिनं नाक लावलं, पण कडबा खाल्ला नाही. नाकानं पेंढी बाजूला लोटली, दगड हुंगला आणि पुढचा खूर दगडावर घासायला लागली. खर्र. खर्र. शांतलिंग लहानपणापासून तिला गूळ चारत आला होता. हात मागं लपवून तिला शोधायला लावायचा. तिनं शोधलं होतं.

चुलीतला जाळ रुद्रम्माच्या डोळ्यांपुढं मोठा मोठा होत गेला.

"काय आहे तिथं?" सालारानं मान वळवली.

"पेव असतंय. ज्वारीचं," ती म्हणाली.

सालार उठायला लागला. तोच दस्तगीर मोठ्यानं हसला. इतक्या मोठ्यानं, की सालार अर्धा उठलेला तसाच थांबला.

"काय नाही साब. बाई लबाड आहे. घाबरली वगैरे काही नाही. चांदणी म्हातारी झाली, आता जिंकत नाही, हे तिला कळलंय. म्हणून पार्टी बदलली. बघा की, घोडी उभ्या उभ्या दगड चाटतीय. दात पडले असतील. आता खण शबनमच्या पाठीवर घाला बाई, द्या काढून!"

रुद्रम्मानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. ह्याला कळलंय का? की हा नेहमीसारखाच डिवचतोय? त्याच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. पण शिवी ओळखीची होती, आणि शिवीला उत्तरही तिच्या ओठांवर वर्षानुवर्षं तयार असायचं.

"म्हातारी?" ती चुलीपासून उठली. "दात तुमचे पडलेत जमादारसाब, बोलताना थुंकी उडतीया. घोडी उपाशी हाय, म्हणून जमीन उकरतीया. पाटलाच्या गोठ्यात तिला रोज भिजवलेलं हरभरं होतं. ह्या साबांनी तिला कडबा घालून गाढव केलंय!"

सालार तडकला. "तोंड सांभाळ."

"तोंड काय सांभाळायचं? घोडी सांभाळा! पोटात दाणा नसला तरी ती ह्या काळ्या म्हशीला ओढ्यापर्यंत मागं टाकंल. असंल हिंमत तर पळवा, न्हायतर द्या पाटलाला परत!"

पाटलाचं नाव निघालं तशी ती मनातून गार पडली. आता गोळी बसणार. पण दस्तगीर आधीच रिकिबीत पाय घालत होता.

"ओढ्यापर्यंत? नळदुर्गच्या ओढ्यापर्यंत? चला साब, आत्ताच निकाल. गावासमोर ही बाई आपल्याला बायकी म्हणते."

ती तसं म्हणाली नव्हती. पण सालार ताडकन उठला, चहा तसाच राहिला. चांदणीला दगडावरून ओढताना तिनं मान झटकली, एकदा मागं वळून हुंगलं. मग टाच बसली आणि दोन्ही घोड्या रस्त्याला लागल्या.

धूळ खाली बसायची वाट रुद्रम्मानं बघितली नाही. पहार दगडाखाली घातली, तापातल्या हातांनी रेटली. दगड सरकला तसा आतून कुबट उबारा वर आला. "शांता!" उत्तर नाही. "शांता रे!" तिनं दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक छपराच्या मेढीला बांधलं आणि श्वास कोंडून स्वतः उतरली. तो ज्वारीवर वाकडा पडला होता, तोंड उघडं. त्याच्या काखेतून दोरी घालून ती वर आली आणि ओढलं. कसं ओढलं ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. पाणी मारलं, गालांवर मारलं. बराच वेळ काही झालं नाही. त्या वेळात ती त्याच्या छातीला कान लावून बसली होती आणि रस्त्याकडं बघत होती, कारण ते कधीही परत येऊ शकत होते. मग त्यानं खोकून ज्वारीची धूळ ओकली.

त्याला नीट चालताही येत नव्हतं तेव्हाच तिनं तुरीत ढकलला. "मागं बघू नगंस. म्या मेले तरी येऊ नगंस."

दिवस कलताना दस्तगीर एकटाच परत आला. घोडीवरून उतरला नाही.

"चांदणी जिंकली," तो म्हणाला. "साब खूश आहे. नळदुर्गला गेला."

रुद्रम्मानं शबनमकडं बघितलं. मान कोरडी, छाती कोरडी, तोंडाला फेसाचा थेंब नाही. ही घोडी पळालीच नव्हती. लगाम खेचून चालवत नेली होती. घोडीबद्दल दस्तगीर पहिल्यांदा खोटं बोलत होता.

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण बोललं की कबूल केल्यासारखं होईल, आणि ह्यानं सगळं ओळखलंच नसेल तर?

दस्तगीरच म्हणाला, "पेवात कंदील सोडत जा बाई." आणि घोडी वळवली.

भाद्रपदात त्याच रस्त्यानं हिंदुस्थानची फौज आली. रझाकार पळाले, शांतलिंग घरी आला, गावात गुलाल उडाला. आणि गुलाल उडाला त्याच आठवड्यात दुसरी भीती गावात शिरली. ज्यांनी दारं लावली होती ते आता मुसलमानांची दारं ठोठावत फिरू लागले. रुद्रम्मानं नवा हिरवा खण घेतला, नारळ घेतला आणि शांतलिंगला न सांगता नाक्याकडं निघाली. नाका पुन्हा जळालेला होता. जमादार नव्हता, घोडी नव्हती. खुंट्याला दावं तुटलेलं लोंबत होतं.

वाटेत कुणीतरी टोकलं, "कुठं गं रुद्रम्मा, ओटी घिऊन? त्या जमादाराकडं?" चार माणसं तिच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "न्हाय. देवाला." आणि मागं फिरली. दस्तगीरचं काय झालं, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही नाही. पोराला वाचवताना जी बाई पेवात उतरली, तिला एवढं विचारायची हिंमत झाली नाही. खरं आहे ते असं आहे.

जत्रा पुन्हा भरू लागली. पाटील परत आले, चांदणीही सापडली, लंगडी झालेली. लोक रुद्रम्मापुढं चांदणीचं कौतुक करायचे, तिला बरं वाटावं म्हणून. ती चहा गाळता गाळता म्हणायची, "चांदणी सुरुवातीची. शर्यत शेवटाला असते. शबनमसारखी घोडी ह्या माळानं बघितली न्हाय." लोक हसायचे. तुम्हीच तर म्हणत होता, कुत्रं आडवं आलं होतं?

"कुत्रं नव्हतं," ती म्हणायची.

शबनमसाठी घेतलेला तो हिरवा खण तिच्या पेटीत घडी घातलेलाच राहिला. ती गेल्यावर सुनेनं चोळीसाठी काढला, तर शांतलिंगनं तिच्या हातातून घेतला आणि परत ठेवून दिला.