मोंढ्यातलं कॅनडा मंत्रिमंडळ

ठरलेल्या वेळी चार माणसं रोज एका जागी बसायला लागली, की किस्से आठवावे लागत नाहीत. ते साचतात, डाळमिलमध्ये भुसा साचतो तसे. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडा उरतोच! आमच्याकडे कॅनडा सरकारचे किस्से साचले आहेत. लातूरमध्ये. हसू नका.

सुधाकरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत दुकान होतं. सौदे सुरू व्हायच्या आधी दुकानापुढे चार खुर्च्या पडायच्या. एकीत सुधाकर. दुसरीत केंद्रे साहेब, मूळचे लोहा गावचे, हिशेब तपासणीच्या नोकरीतून रिटायर झालेले. तिसरीत अंकुलगे सर, कोचिंग क्लासवाले. चौथीत बिराजदार मामा, किल्लारीचे. चौघांच्याही घरचं एकेक पोर कॅनडात. आमची मुक्ता ब्रॅम्प्टनला.

फी भरून भरून चौघं इतके वैतागले, की रोज कॅनडा सरकारवर टीका सुरू झाली. शेवटी सरांनी खातीच वाटून दिली. अर्थ साहेबांकडे, व्यापार सुधाकरकडे, शिक्षण स्वतःकडे. मामा म्हणाले, "मला घराचं खातं द्या. त्येवढंच कळतंय."

एका हमालानं विचारलं, "शेठ, आपल्या सरकारला का बोलत नाही?"

"आपलं सरकार चुकून ऐकतं कधीकधी," सुधाकर म्हणाला. "कॅनडाचं ऐकत नाही. निवांत बोलता येतं!"

सुरुवातीचे किस्से मी जेवताना त्याच्याकडून ऐकलेले. नंतरचे स्वतः पाहिलेले.

*

कॅनडानं सीमेवरच्या प्रवाशांसाठी मोबाइलचं एक ॲप केलं. त्यावरचा खर्च इतका फुगला, की तिकडे बोंबाबोंब झाली. तिथल्या ऑडिटनंच सांगितलं की खर्चाची कागदपत्रं धड ठेवलेली नाहीत.

ही बातमी साहेबांनी मोठ्यानं वाचली, चष्मा काढला, पुसला. इतका समाधानी चेहरा त्यांच्या निरोप समारंभातही नव्हता.

"कागद सापडत नाहीत? मग काळजी नाही. पोरं परक्या देशात नाहीत. घरीच आहेत!"

*

सरांचा मुलगा ज्या कॉलेजात शिकायला गेला, ते एका मॉलमध्ये निघालं. खाली सोफ्यांचं दुकान, वर कॉलेज. त्यानं फोटो पाठवला. सरांनी तो सगळ्यांना दाखवला आणि खूप बोलले.

सुधाकरनं आठवण करून दिली, "सर, तुमचा पहिला क्लास टायरच्या दुकानावर होता."

"होता ना! पण मी पाटीवर 'क्लास' लिहिलं होतं, 'कॉलेज' नव्हतं लिहिलं!"

पुढे कॅनडानं जाहीर केलं, की परदेशी विद्यार्थी फार झाले, घरं पुरत नाहीत, आता संख्या कमी करणार. हे ऐकून सर खुर्चीतून उठलेच.

"आधी ॲडमिशन घ्यायच्या, फी घ्यायची आणि मग बाकडी मोजायची? अरे, ही आमच्या लातूरची पद्धत! यांनी परस्पर उचलली!"

*

व्यापार खात्याचा किस्सा सुधाकरचा.

कॅनडाची मसूर मोंढ्यात यायला लागल्यापासून तो चिडलेला. आज आयातीवर ड्युटी लागली, उद्या काढली, परवा पुन्हा लागली. भाव काय सांगायचा? मधेच दोन्ही सरकारांचं भांडण झालं, व्हिसा अडकले, राजदूत माघारी गेले. मसूर मात्र बिनबोभाट येत राहिली.

एक दिवस मुक्तानं तिकडून मसूर डाळीच्या पाकिटाचा फोटो पाठवला. पाकिटावर मिलचं नाव होतं, आमच्या एमआयडीसीतल्याच एका मिलचं. सुधाकरनं लगेच मिलवाल्याला फोन लावला. "माल कुठला?" तो म्हणाला, "कुठला असणार? कॅनडाचाच."

सुधाकर खोकला येईपर्यंत हसला. मग मुक्ताला म्हणाला, "बघ. इथं आली, सालं काढून घेतली, परत गेली. कुणी अडवलं नाही. तू मसूर व्हायला पाहिजे होतंस."

*

आमच्या घरात दाराजवळ एक बॅग असते. भूकंपानंतर लातुरात पुष्कळ घरांत अशी बॅग असायची. लोकांनी हळूहळू उचलली, सुधाकरनं नाही. आत टॉर्च, थोडे कागद, एकेक जोडी कपडे. मुक्ता भूकंपानंतर जन्मलेली. लहानपणी ती आपलं दप्तर त्या बॅगेला टेकवून ठेवायची आणि विचारायची, "बाबा, ही कधी उचलायची?"

"घरी थांबवेना झालं, की."

दर दिवाळीला सुधाकर त्या बॅगेतला स्वतःचा शर्ट बदलायचा. पोट वाढत होतं. म्हणायचा, "भूकंपाला चालेल, पण लोकांत बटणं लागली पाहिजेत!"

*

एकदा चौघं आमच्या घरी जमले असताना मुक्तानं व्हिडिओवर आपली खोली दाखवली. बेसमेंटमधली. वरच्या मजल्यांची भाडी परवडत नाहीत. साहेबांनी रंगाचं कौतुक केलं, सरांनी हीटरचं. मामांनी फोन हातात घेतला.

"ही खोली जमिनीखाली हाय व्हय?"

"हो मामा. इथं सगळे राहतात."

"वर काय हाय? स्लॅब?"

"नाही, लाकडी घर आहे."

"लाकडी बरं. दार कुणीकडं हाय?"

तिनं पायऱ्यांवरचं दार दाखवलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

"माय, पलंग दाराजवळ वढ."

मुक्ता हसली. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. किल्लारीत मामांनी आपल्या घरची माणसं स्वतःच्या हातांनी दगडमातीतून काढली होती. वाचला तो भावाचा मुलगा, तोच आता तिकडं ट्रक चालवतो.

*

गेल्या वर्षी सुधाकर गेला. अचानक, सकाळी, दुकानाला निघताना.

मुक्ताच्या कामाच्या परवान्याची मुदत वाढवण्याचा अर्ज तेव्हा कॅनडा सरकारकडे पडून होता. निर्णयाआधी देश सोडला, तर परत गेल्यावर कामाचा हक्क राहत नाही. आणि शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते त्या कामावर. तिनं सगळं फोनवर पाहिलं. मीच तिला म्हटलं होतं, "येऊ नकोस."

महिन्याभरानं साहेब घरी आले. म्हणाले, "वहिनी, व्यापार खातं रिकामं आहे." दुकान आता सुधाकरचा चुलतभाऊ पाहतो, पण चार खुर्च्या तशाच पडतात. कॉलेजला जाण्याआधी मी तिथं बसू लागले. वर्गात मराठी शिकवताना मी दर तासाला फोन बघायची. अर्ज प्रक्रियेत आहे. अर्ज प्रक्रियेत आहे. वर्षश्राद्ध जवळ येत होतं.

*

साहेबांनी मुक्ताच्या वतीनं कॅनडाच्या कार्यालयाला ईमेल लिहिला. सरकारी वळणाचा, कडक. उत्तर क्षणात आलं, यंत्राकडून. आपला अर्ज क्रमानुसार विचारात घेतला जाईल, तोपर्यंत पुन्हा चौकशी करू नये.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "भाषा चांगली आहे. भूकंपानंतर मला पुनर्वसनाच्या कामावर धाडलं होतं, तेव्हा आम्हीही घरांच्या अर्जांना हेच लिहायचो."

मामांनी बशीतला चहा संपवला.

"व्हय. मला बी आल्तं. खाली सही तुमचीच हुती."

दुसऱ्या दिवसापासून मामांचा चहा साहेब सांगू लागले. मामांनी एकदाही नको म्हटलं नाही, एकदाही आभार मानले नाहीत.

*

आता शेवटचा.

वर्षश्राद्ध झालं. मुक्ता आली नाही. अर्ज प्रक्रियेत. संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, मंत्रिमंडळ आमच्या घरी जमलं. चार खुर्च्या मांडल्या. माझ्या खुर्चीत सरांनी उशी ठेवली, उशीला फोन टेकवला. फोनमध्ये मुक्ता. मी उंबऱ्यावर बसले, बॅगेला टेकून.

"आज कॅनडा सरकार सभागृहात हजर आहे!" सरांनी जाहीर केलं. "विचारा प्रश्न!"

साहेब उभे राहिले. "अर्जावर निर्णय कधी होणार?"

मुक्तानं घसा साफ केला. "माहिती गोळा करण्यात येत आहे."

"विलंबाला जबाबदार कोण?" सर.

"प्रश्न उद्भवत नाही!"

सगळे हसले. तीही हसली. मीही.

"मामा, तुमचा प्रश्न?"

मामा फोनजवळ वाकले. "माय, तवा सांगितल्यालं केलंस का? पलंग दाराजवळ वढलास?"

मुक्तानं आपला फोन उचलून फिरवला. पायऱ्या दिसल्या. पायऱ्यांशी पलंग. आणि पलंगाच्या उशाशी, दाराकडे तोंड करून ठेवलेली एक बॅग. गच्च भरलेली, चेन लावलेली. वर घडी घातलेला कोट.

सर माझ्याकडे बघत होते. मी फोनकडे.

"तिकडं भूकंप व्हतो व्हय गं?" मामांनी विचारलं.

"इकडं नाही, मामा," मुक्ता म्हणाली.